सहीच्या वरची ओळ

अण्णा, आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तुम्हाला लिहायचं म्हणून काल चांगला मोठा कागद आणला, तुमचाच टाक घेतला, आणि सुरुवात काही सुचेना म्हणून आधी खाली सही करून मोकळा झालो. नावाखालची ती लांब वेलांटीसारखी रेघ, रेघेच्या शेपटाला गोल, गोलात दोन ठिपके, सगळं साग्रसंगीत. मग वर बघतो तर कागद कोरा. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "दाजी, कोऱ्या कागदावर सही? आता मी ह्याच्यावर लिहितो, अर्धं शेत गोदीच्या भावाला दिलं म्हणून."

लिहा अण्णा. अर्धं कशाला, सगळं लिहा. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि सोळा दिवसांत माझ्याशी कुणी नीट भांडलेलं नाही.

सही खोडली नाही. तिच्या वर जेवढी जागा आहे तेवढ्यात लिहितो, पुढचं पुढं बघू. हे सगळं तुमच्या नावानं लिहितोय खरा, पण लिहून झालं की तुमच्या बहिणीला, माझ्या गोदीला, वाचून दाखवणार आहे. गोदीला वाटतं, तिच्या भावाला लुटारूनं मारलं. ते खरंच आहे. पण त्या सुऱ्याला बँकेची वाट कुणी दाखवली ते तिला ठाऊक नाही. तोंडानं सांगायला जातो आणि माझी गोष्ट होऊन बसते. बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, पाहुणे मलाच पुढं बसवतात, तुम्हाला माहीतच आहे. आता ते म्हणतात, "पाटील, दरोडेखोराला पाय घालून कसा पाडला ते सांगा की." आणि अण्णा, लाज वाटते सांगायला, मी तीनदा सांगितलंय. तिसऱ्या वेळी तर हातवारेसुद्धा केले.

तुम्ही मला चेक शिकवला तो आहेराच्या लुगड्यांवरून. आमच्याच घरचं लग्न होतं, ओसरीत लुगड्यांचा ढीग पडला होता आणि तुम्ही, जालन्याच्या बँकेचे कारकून, त्या ढिगासमोर मांडी घालून बसला होता.

"हे बघा दाजी. ह्या लुगड्यावर नाव न्हाई. म्हंजे ज्याच्या हाताला लागलं त्याचं. चेकच्या पाठीवर नुसती सही केली की असं होतं, कोणी बी येऊन पैसे नेतंय. आता हे दुसरं. चिठ्ठी हाय, 'मामीला'. मामीला पुढं कुणाला द्यायचं झालं तर तिनं आपली चिठ्ठी लावायची. तसं सहीच्या वर लिहायचं, 'अमक्याला द्यावे'. अन् ही तिसरी रीत. 'फक्त मामीनंच नेसावं.' इथं लुगड्याचं फिरणं बंद. सहीच्या वर लिहायचं, 'फक्त माझ्याच खात्यात जमा करावे'. मंग तो कागद चोराला सापडला तरी त्याला काय, चिलीम पेटवायला."

मी म्हणालो, "आमच्या घराण्यात तिसरी रीत न्हाई अण्णा. आमचं हिरवं लुगडं चार लग्नं फिरून परत आमच्याच घरी आलं."

आतून तुमची बहीण म्हणाली, "पाच."

तुम्ही हसलात. मग एकदम गंभीर होऊन बोट उगारलंत. "अन् सगळ्यात बरं म्हंजे घरी सहीच करू नका. माझ्या खिडकीशी या, माझ्यासमोर करा."

तिथंच तर माझं अडत होतं. पहिल्यांदा तुमच्या खिडकीशी सही केली तेव्हा टाक कागदात रुतला, शाईचा थेंब पडला, आणि मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "पाटील, सही करून राह्यले का नांगर हाकून राह्यले?" सगळी बँक हसली. तुम्ही तेवढे हसला नाहीत. मान खाली घालून टीपकागदानं थेंब टिपलात. मी त्याच दिवशी ठरवलं, पुन्हा चार लोकांत सही करायची नाही.

यंदा रस्ते नासले होते. दर आठवड्याला कुठं गाडी अडवल्याची, कुठं डोकं फोडल्याची बातमी. रोख घेऊन फिरायची सोय उरली नव्हती, म्हणून जालन्याच्या व्यापाऱ्यानं आमच्या वर्षाच्या कापसाचा चेकच मुनीमाबरोबर कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पाठवला. कागद चोरला तरी चोराला कळणार काय, असं मुनीम म्हणाला. आमच्या घरची चाल तुम्हाला माहीत आहे. नवी वही असो, खरेदीखत असो, लग्नपत्रिका असो, कागद आधी देवापुढं जातो. मी पाटावर बसलो. समोर फक्त देव, हसणारं कुणी नाही. चेक पालथा केला आणि सही केली. अण्णा, अशी सही जन्मात झाली नव्हती. वेलांटी अशी वळली की माझं मलाच कौतुक वाटलं. तुमची ती वरची ओळ आठवली बरं का. आठवली नाही असं नाही. पण ओळ लिहिली तर सहीवर दाटी होईल, तिची शोभा जाईल, म्हणून लिहिली नाही. एवढंच कारण. दुसरं काही शोधू नका.

मग तुमच्या बहिणीला हाक मारली. तिनं कागद उचलला, पुढच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं आणि देवापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंबडला येऊन मोटार धरली. गोदी सोबत होती, चार दिवस माहेरी राहायचं म्हणून. वहिनी गेल्यापासून तुम्ही हातानं भाकरी थापता याचं तिला फार लागायचं. दुधना नदीच्या अलीकडं उतारावर एक बाभूळ रस्त्यात आडवी टाकलेली. ड्रायव्हरनं मोटार थांबवली आणि झाडीतून आठ जण वर आले. पहिल्यानं काही विचारलं नाही, बंदुकीचा दस्ता ड्रायव्हरच्या तोंडावर मारला. त्याचे दात त्याच्याच मांडीवर पडले आणि तो ते ओंजळीत गोळा करत बसला. पुरुष एकीकडं, बायका मोटारीच्या पलीकडं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याची अंगठी निघेना. तो म्हणत होता, "थांबा रे बाबांनो, थुंकी लावून काढतो." त्यांना थांबायचं नव्हतं. त्याचा हात बाभळीच्या खोडावर धरला आणि कुऱ्हाड घातली. बोट उडून माझ्या वहाणेवर पडलं. मी पाय झटकला, अण्णा. विंचू झटकावा तसा.

माझा पटका ओढला तसा घडीतला चेक खाली पडला. त्यांचा म्होरक्या तरणा होता, तोंडावर देवीचे व्रण. त्यानं कागद उलगडला, कुंकू बघितलं, पालथा केला. पाठीवर बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडं बघून नुसता हसला. चेक खिशात घातला आणि माझ्या पोटात अशी लाथ मारली की मी तिथंच गुडघ्यावर बसलो. पलीकडून एक किंकाळी आली. गोदीच्या कानांतली फुलं त्यांनी फिरकी न काढता ओढली होती, दोन्ही पाळ्या चिरून. किंकाळी तिची नव्हती, शेजारच्या बाईची होती. तुमची बहीण उभी होती. खांद्यावरून रक्त चोळीत उतरत होतं आणि ती त्या माणसाच्या तोंडाकडं बघत होती, चेहरा पाठ करून घ्यावा तशी.

इथं कागदावर माझी सही आली. पान उलटतो. पुढचं तसंही पाठीवरच लिहायच्या लायकीचं आहे.

तुमच्या घरी आलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. बँक केव्हाच बंद झाली होती. तुम्ही बहिणीला ओसरीत बसवलं, हळदीची पूड दोन्ही कानांवर दाबून धरली. तिला "झालं, झालं" म्हणत होता आणि मधूनच मान वळवून मला विचारलंत,

"दाजी, चेकवर सही केल्ती का?"

"न्हाई."

"नक्की?"

"अण्णा, एवढं शिकवलं तुम्ही. मी काय येडा हाय का?"

तुमचे खांदे खाली आले. "मंग कागद मेला. सही नसली तर कुणाला दमडी भेटायची न्हाई. केली असती तर आत्ताच्या आत्ता पळावं लागलं असतं व्यापाऱ्याकडं, पैसे देऊ नका म्हणून चिठ्ठी आणायला. आता सकाळी बघू. आधी हिचे कान बघू."

व्यापाऱ्याचं घर तुमच्या घरापासून किती होतं? पान लावून खाईपर्यंत माणूस पोचतो. तुम्ही पायात वहाणा घालूनच बसला होता. मी एक "होय" म्हणालो असतो तर तुम्ही उठलाच असता. चिठ्ठी आली असती, सकाळी तो बँकेत शिरायच्या आधी दाराशी पोलीस असते. पण माझ्या मनात काय होतं सांगू? आता हे म्हणतील, शिकवून काही उपयोग झाला नाही, आणि तेही गोदीसमोर. तेवढ्यासाठी.

सकाळी चेक लुटल्याचा अर्ज लिहायला तुम्ही मला बँकेत नेलं. मी भिंतीकडच्या बाकावर बसलो. घटकाभरात तो आला. स्वच्छ कोट, जरीचा फेटा, तोंडावर देवीचे व्रण. दोघे दाराशी थांबले, त्यांच्या उपरण्याखाली काहीतरी लांब होतं. मी ओरडायला हवं होतं. "अण्णा" एवढं पुरलं असतं. मी काय केलं? बाकावरून सरकलो आणि बाकाखाली गेलो. त्यातही धड जमलं नाही. चाळीस वर्षं तूप-भाकरी खाल्लेलं अंग, गुडघ्यापासून पाय बाहेरच राहिले.

खालून मला खिडकीचे गज दिसत होते आणि गजांमागं तुमचे हात. चेक आत सरकला. तुमचे हात कुंकवावर थांबले. मग कागद पालथा झाला आणि हात पुन्हा थांबले. या वेळी जास्त. माझी ती सुरेख सही तुमच्यासमोर होती, वर एकही शब्द नसलेली. तुमचा चेहरा मला दिसत नव्हता. ते बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही.

मागून तुमचे साहेब म्हणाले, "सही जुळतीय ना? देऊन टाका." आवाज चिरकत होता, दाराशी काय उभं आहे ते त्यांनाही दिसत होतं. आणि नियमानं त्यांचं बरोबर होतं. कोरी सही, आणणाऱ्याला पैसे. बँकेला कुणी बोल लावला नसता, तुम्हालाही नाही.

तुम्ही म्हणालात, "एक ओळ ऱ्हायलीय, साहेब."

टाक दौतीत बुडाल्याचा आवाज आला. मग कागदावर करकर. आणि मग तुम्ही ती ओळ मोठ्यानं वाचलीत, आहेराची चिठ्ठी वाचावी तशी, "'फक्त यांच्याच खात्यात जमा करावे.' बाबा, हे आता तुझ्या उपेगाचं न्हाई. पैसे पाटलाच्या खात्यात गेले. जा तू."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं गजांतून हात घालून तुमचा उजवा हात धरला, कोपरापर्यंत बाहेर ओढला आणि गजावर आडवा घालून अंगाचा सगळा भार टाकला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. कापूस पिकवणाऱ्या माणसाला तो आवाज दरसाल ऐकावा लागतो, अण्णा. यंदा पऱ्हाट्या उपटायला मी रानात जाणार नाही. दुसऱ्या हातानं त्यानं सुरा घातला, गजांतूनच, बरगडीखाली. काढला, पुन्हा घातला. तुम्ही डाव्या हातानं चेक छातीशी धरलेला होता. तो सोडला नाहीत. दाराशी बँकेच्या दरवानानं तोंड उघडलं तेवढ्यात उपरण्याखालचा लोखंडी गज त्याच्या डोक्यावर बसला. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

तो म्होरक्या वळला, पळाला, आणि माझ्या पायांना अडखळला.

एवढाच माझा पराक्रम. मी पाय घातला नव्हता, मला पाय आत घेता आले नव्हते. तो तोंडावर आपटला. सुरा फरशीवरून दूर गेला. शेजारच्या जिनिंग कारखान्यावरचे हमाल आरडाओरडा ऐकून आत घुसले, कापसाच्या गासड्या ओढायचे लोखंडी आकडे हातात तसेच. दाराशी उभे असलेले दोघे केव्हाच पळाले होते, सगळे आकडे ह्या एकट्यावर आले. पहिला मानेत बसला. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर लांब होतं. डोळे उघडे होते, माझ्याकडंच बघत होता. तो "पाणी" म्हणाला. आकडे पडत राहिले, गासडीत पडतात तसे, मऊ आवाज करत. मी बाकाखाली गप्प पडून राहिलो. मग त्याला पाठीत आकडा रुतवून बाहेर ओढत नेलं, तेव्हा फरशीवर लाल रेघ उमटली. दारापाशी ती वळली आणि गोल झाली. मी ती रेघ ओळखली, अण्णा. माझ्या नावाखाली रोज काढतो मी ती.

पोलिसांचे अमीनसाहेब आले. लोकांनी मला बाकाखालून काढलं, अंग झटकलं, कुणीतरी देवाच्या फोटोवरचा हार काढून माझ्याच गळ्यात घातला. अमीनसाहेब म्हणाले, "पाटीलसाब, आपने तो कमाल कर दिया!" तुम्हाला टेबलावर झोपवलं होतं, खाली रक्ताचं थारोळं. त्यांनी तुम्हाला विचारलं, "इन्होंनेच गिराया ना उसको?" तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत. बाकाकडं बघितलंत. मग म्हणालात, "हौ. दाजीनंच पाय घातला."

चेक पंचनाम्याला गेला. त्यावर माझी सही होती, सहीच्या वर तुमची ओळ, ओळीवर तुमचं रक्त. ओळ आधीची की नंतरची, कोण विचारणार? सगळे म्हणाले, पाटलानं किती सावधपणे कागद केला होता.

नऊ दिवस तुम्ही जगलात. हात सुजून खांद्याएवढा झाला. पोटाच्या जखमेचा वास ओसरीपर्यंत यायचा, गोदी दारात धूप जाळायची. डॉक्टर म्हणाले हात कापावा लागेल, तर तुम्ही म्हणालात, "मंग मी सही कशानं करू?" आणि हसलात. त्या हसण्यानं टाके ओले झाले. तिसऱ्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दाजी, त्या दिवशी तुम्ही न्हाई म्हणलात..." तेवढ्यात गोदी पेज घेऊन आत आली. तुम्ही पेज प्यालात. ते वाक्य तिथंच राहिलं.

पुढचे सहा दिवस मी तुमच्याजवळ एकटा बसलोच नाही. औषध आणायला मी, बर्फ शोधायला मी, ड्रायव्हरचे दात कसे आहेत ते बघायलासुद्धा मीच. लोक म्हणाले, जावई किती धावतोय. मी त्या वाक्यापासून धावत होतो.

आता तुमच्याशी भांडतो. ऐकून घ्या. तुम्ही तो कागद देऊन टाकायला पाहिजे होता. एका वर्षाचा कापूस गेला असता. रानात पुन्हा आला असता, दरसाल येतोच की. कशासाठी लिहिलीत ती ओळ? माझा कापूस वाचवायला? का कामाची सवय, अर्धवट कागद तुम्हाला बघवतच नव्हता? का ती सही बघताक्षणी तुम्हाला कळलं, की दाजी बहिणीसमोर खोटं बोलला आणि आता सगळ्या जालन्यासमोर उघडा पडणार, म्हणून माझं "न्हाई" झाकायला लिहिलीत? हे तिसरं असेल तर अण्णा, फार महाग ओळ लिहिलीत. आणि मी तिच्या आडोशाला पंचवीस दिवस उभा आहे, गळ्यात हार घालून.

तुमच्यासारखं मला कुणी सांभाळून घेतलं नाही. पहिल्या दिवशी शाईचा थेंब टिपलात तेव्हापासून. तेही कधी तोंडानं म्हणालो नव्हतो.

*

लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. दुपार होती, ती ओसरीत बसली होती. कानांच्या पाळ्या आता सुकल्या आहेत, पण बोट सारखं तिकडं जातं. मधे एकदाही तिनं अडवलं नाही. आहेरातलं "पाच" आलं तेव्हासुद्धा नाही. वाचून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, आता उठून जाईल.

ती म्हणाली, "शाई ओली हुती. कुंकू लावायला कागद उचलला तवाच माझ्या बोटाला लागल्ती. दुसऱ्या दिशी बी डाग गेला न्हवता. अण्णानं इचारलं अन् तुमी न्हाई म्हणलात, तवा मी ते बोट पदराखाली घेतलं. नवऱ्याला भावापुढं खोटं कसं पाडावं, असं वाटलं मला." मग कागद तिनं माझ्या हातातून घेतला, उलटसुलट केला, तिला वाचता येत नाही तरी सही बरोबर शोधली आणि त्यावर बोट ठेवलं. "इथं एकट्याचं नाव घातलंय तुमी. माझं बी घाला."